रामटेके सिस्टरचे ट्युलिप

शालवाल्या रशीदने रामटेके सिस्टरला फसवलं. एकदा नाही, दर हिवाळ्यात फसवलं, माझ्या डोळ्यांदेखत फसवलं, आणि त्यासाठी जागाही माझ्याच बर्फ कारखान्याची वापरली. ही गोष्ट मी घुग्घुसमध्ये बऱ्याच जणांना सांगितली आहे. लोक हसतात. फुलांच्या कांद्यांवरून माणूस एवढं मनात धरतो का, म्हणतात. मी धरतो. मला जन्मात कोणी फुकट काही दिलेलं नाही, त्यामुळे कोणी कोणाकडून काय नेलं हे मी विसरत नाही.

आम्ही मूळचे कुरखेड्याकडचे ढिवर. बापाने तलावात जाळी टाकली, मी ती मासळी टोपल्यात घालून बाजार केले. पुढे सायकल आली. कोळशाच्या गावात मासळीला गिऱ्हाईक खूप, पण उन्हात ती दुपारपर्यंत टिकत नाही, हे ध्यानात आल्यावर मी मासळीपेक्षा बर्फाकडे जास्त लक्ष दिलं. घुग्घुसच्या वस्तीत माझा लहानसा बर्फ कारखाना उभा राहिला तो असा. त्याच्या मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या आणि एक आंगण होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे रामटेके सिस्टर राहायला आल्या.

त्या खाणीच्या दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्या, क्वार्टर सोडावं लागलं. अर्धं घुग्घुस त्यांच्या हातावर जन्मलेलं. रस्त्याने जाताना मोटरसायकलवरचा एखादा मिशीवाला खाणकामगार दिसला की त्या म्हणायच्या, "हा पायाकडून आला होता." तो मिशीवाला मात्र त्यांना ओळखायचा नाही. कसा ओळखेल? घर बौद्धांचं, पण घरात दुसरं माणूस नव्हतं. एक भाचा गडचिरोलीला शाळेत नोकरीला होता, तो वर्षातून एखाद्या वेळी यायचा. लग्न झालंच नव्हतं की होऊन मोडलं होतं, मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

अंगाने बारीक, चष्मा जाड, मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरवलेलं. मातीत हात घालायच्या आधी त्या साबणाने कोपरापर्यंत हात धुवायच्या. माती लागल्यावर हात धुणारे आपण सगळेच. आधी धुणारी बाई मी एकच पाहिली.

पहिल्यांदा त्या कारखान्यात आल्या तेव्हा माझं एका मासळीवाल्याशी कडाक्याचं भांडण चालू होतं. ते संपेपर्यंत त्या दारात शांत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पचारेभाऊ, तुमच्या बर्फाच्या खोलीत मले एक कोपरा पायजे."

"कायले?"

"कांदे ठेवाचे हायेत."

"बर्फात कांदे? सडतीन ना बाई."

"खायाचे नाई. फुलाचे हायेत. काश्मीरचे. त्याहिले आधी थंडी दाखवा लागते. थंडी नाई भेटली त फूल पोटातच राह्यते."

मी म्हणालो, ही खोली बर्फाच्या लाद्यांसाठी आहे, नुमाइशीसाठी नाही. मी सहसा पहिल्या बोलण्याला हो म्हणत नाही, तो माझा धंद्याचा नियम आहे. त्यांनी पिशवीतून दवाखान्यातला भिंतीवर लावायचा थर्मामीटर काढला आणि माझ्या हातात ठेवला. "हा खोलीत टांगून ठेवा. पारा या खुणेच्या खाली नाई गेला पायजे, गोठले त मरतीन. माझा हाये, परत लागन मले." आणि निघून गेल्या. सौदा कधी झाला हे मला कळलंच नाही. मी थर्मामीटर टांगला. बर्फाच्या टाकीपासून लांबचा कोपरा, जिथे गारवा असतो पण दहिवर गोठत नाही, तो रिकामा केला.

परत लागेल असं म्हणून वस्तू देण्याची त्यांची खोडच होती. त्यांच्या घरून कोणी रिकाम्या हाताने जायचं नाही. छत्री, शेकायची रबरी पिशवी, डबा, खलबत्ता, काहीतरी हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "सावकाश आणून देजो." आभाळात ढग नसले तरी छत्री द्यायच्या. अर्ध्या वस्तू परत यायच्या नाहीत. मला त्याचा राग यायचा. मी व्यवहाराचा माणूस, माझी लोखंडी बादली जरी कोणी नेली तरी मी संध्याकाळी त्याच्या दारात उभा असतो. मी त्यांना सांगायचो, "बाई, कोणाले वस्तू देत नोका जाऊ. गाव चोराचं हाये."

"देऊ द्या भाऊ. घेऊन जाणारा परत येते."

"तुमची छत्री कुठी आली परत?"

"येईन ना. पाऊस येईन तवा आठवण येईन त्याले."

आता रशीद. दिवाळी झाली की आपल्याकडे काश्मिरी शालवाले येतात, हे चंद्रपूर-गडचिरोलीकडे कोणाला सांगायला नको. चार-पाच जण मिळून चंद्रपुरात खोली घेतात, सायकलच्या कॅरिअरवर शालींचं गाठोडं बांधून गावोगाव फिरतात आणि होळीच्या आसपास परत जातात. रशीद त्यातला. गोरा, नाक लांब, वय तेव्हा तिशीच्या आत. पहिल्याच हिवाळ्यात त्याला आपल्या जंगलातला हिवताप झाला. शाल विकणारा माणूस शालीखाली थडथड कापत बसस्टँडवर पडला होता. सोबतचे जिवतीकडे गेलेले. सिस्टर तेव्हा नोकरीत होत्या. दवाखान्यातून सुटी दिल्यावरही त्यांनी त्याला आपल्या क्वार्टरमध्ये ठेवून घेतलं, कण्या पाजल्या, बरा केला. जाताना त्याच्या हातात थर्मास दिला. सावकाश आणून देजो.

पुढच्या दिवाळीला तो थर्मास घेऊन आला. सोबत एक पुडकं. त्याचा चुलता श्रीनगरकडे कोणा साहेबाच्या बागेत माळी होता. तापात पडल्या पडल्या रशीद बरळत असे की बर्फ वितळला की जमिनीतून एक फूल वर येतं, आणि सिस्टरने कधीतरी म्हटलं होतं, आण बाबा, पाहू तरी. त्याने त्या फुलाचे कांदे खरंच आणले. सिस्टरने त्याला खोदून खोदून विचारलं. किती जातींचे असतात, कोणता उंच, कोणता बुटका, कोणता सगळ्यात आधी फुलतो. आणि सांगितलं की मले फक्त आधी फुलणाराच पाहिजे. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आपल्याकडे थंडी असते किती? संक्रांत झाली की ऊन पाठीवर बसायला लागतं. उशिरा फुलणारा ट्युलिप इथे कळीतच उकडून जाईल. म्हणून लवकर फुलणारा, बुटक्या देठाचा, आणि दुहेरी पाकळ्यांचा. दुहेरी का, तर रशीद म्हणाला होता की तो जास्त दिवस टिकतो.

दिवाळीला कांदे माझ्या बर्फाच्या खोलीत जायचे. डिसेंबर सरत आला की सिस्टर ते बाहेर काढायच्या आणि मातीच्या कुंड्यांमध्ये लावायच्या. माती जंगलातल्या कुजक्या पानांची, त्यात नदीची रेती, म्हणजे पाणी साचायला नको. कुंड्या ओल्या पोत्यावर, भिंतीच्या सावलीत. सकाळी माझ्याकडून बर्फाचा चुरा न्यायच्या आणि मातीवर पसरायच्या. तो विरघळेल तेवढंच पाणी. आणि मग कोंब वर आला की कापूस. घुग्घुसची हवा कशी आहे ते सांगायला नको. एका बाजूने कोळसा, दुसऱ्या बाजूने सिमेंट, मधून ट्रक. वाळत टाकलेलं पांढरं धोतर संध्याकाळी राखाडी होतं. सिस्टर रोज सकाळी ओल्या कापसाच्या बोळ्याने एकेक पान पुसायच्या, वरून आणि खालून. बोळे काळे व्हायचे. पुसताना पुटपुटायच्या, "दम घे. घाई नोको करू. आता लाव जोर." दवाखान्यात बायांना म्हणत असतील तेच.

पहिलं फूल आलं तेव्हा सगळी वस्ती पाहायला आली. एवढे दिवस बर्फ चाललाय, म्हणजे काहीतरी मोठंच निघणार असं लोकांना वाटलेलं. वीतभर देठ, त्यावर पाकळ्यांवर पाकळ्या भरलेलं लाल फूल, कडेला पिवळी रेघ. समोरची शेवंताबाई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बाई, एवढ्या मेहनतीले झेंडू आला का वो?"

सगळे हसले. सिस्टरही हसल्या. फूल त्या तोडायच्या नाहीत. ज्या दिवशी पहिलं उमलायचं त्या दिवशी पूर्ण कुंडीच उचलून बुद्धाच्या मूर्तीपुढे नेऊन ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत सावलीत आणायच्या. उन्हं चढली की फूल ताटासारखं उघडं पडायचं, सांजेला मिटायचं. त्या तेवढे दिवस कुठेही जायच्या नाहीत. बुद्धविहारातल्या कार्यक्रमालाही नाही.

खरा व्यवहार फूल सुकल्यावर सुरू व्हायचा. कोणीही सांगेल की या गरम मुलखात एकदा फुललेला कांदा फेकून द्यायचा. पानं पिवळी पडेपर्यंत त्याला थंडीच मिळत नाही, तर तो पोट भरणार कधी? सिस्टरला ते मान्य नव्हतं. त्या फक्त सुकलेलं फूल खुडायच्या, पानं ठेवायच्या, ती वाळली की कांदे काढून सावलीत सुकवायच्या आणि होळीला रशीद निघाला की पोत्याच्या लहान थैलीत घालून, तोंड शिवून, त्याच्या हातात द्यायच्या. "घेऊन जा. उन्हाळा तिथी काढू दे त्याहिले. दिवाळीले आणून देजो." म्हणजे कांदे उन्हाळ्यात काश्मीरला आणि हिवाळ्यात घुग्घुसला. रशीदसारखेच. दरवर्षी तो थैली न्यायचा आणि दरवर्षी आणायचा. "आपकी अमानत, सिस्टरजी." दोन्ही हातांनी द्यायचा. मी ते पाहायचो आणि मनात म्हणायचो, पोरगा इमानदार आहे.

तसा मी त्याला सहजासहजी इमानदार म्हणणारा नव्हतो. एका हिवाळ्यात मी त्याच्याकडून शाल घेतली. सिस्टरच्या आंगणात सकाळपासून जेवणवेळेपर्यंत आमची घासाघीस चालली. तो शाल अंगठीतून काढून दाखवत होता, मी म्हणत होतो, अंगठीच मोठी आहे. तो उठून सायकलपर्यंत जायचा, मी त्याला जाऊ द्यायचो. मी उठून दारापर्यंत जायचो, तो मला जाऊ द्यायचा. सिस्टर पायरीवर बसून मेथी निवडत होत्या. शेवटी माझ्या भावात शाल पडली. मी छाती फुगवून सिस्टरला म्हटलं, "पाह्यलं? काश्मीरवाल्याले झुकवलं."

त्या म्हणाल्या, "कोण झुकलं ते मले नाई समजत. तुमी दोघं भांडता त घरात मानसं असल्यासारखं वाटते. उद्या दुसरी शाल घ्या."

एका वर्षी माझ्या खोलीतल्या कांद्यांना एकही फूल आलं नाही. त्या वर्षी रशीदने माझ्यासाठी सफरचंदांची पेटी आणली होती. मी ती बर्फाच्या खोलीत ठेवली, आणखी कुठे ठेवणार? पानं छान वर आली, पण कळ्या आतल्या आत वाळून कागदासारख्या झाल्या.  सिस्टरने आठवून आठवून कारण शोधलं. तीन-चार कांदे त्यांनी माझ्या खोलीत न ठेवता स्वतःच्या घरी, बर्फ घातलेल्या माठात ठेवले होते, आणि फुलले ते तेवढेच. फरक काय, तर सफरचंदांचा. त्या तडक कारखान्यात आल्या. "पचारेभाऊ, त्या कोपऱ्यात पुन्हा फळ ठेवाल त पाहा. फळाचा वास याहिले बाधते." मी भडकलो. खोली माझी, सफरचंदं माझी, वर दम मलाच. मी म्हटलं, "उचला तुमचे कांदे." त्यांनी थर्मामीटरकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "तो माझा हाये. तो देऊन टाका मंग." मी स्टुलावर चढलो. खिळ्यावरून थर्मामीटर निघेना, ओलीने गंजून चिकटला होता. त्या खाली हात पुढे करून उभ्या, मी वर ओढतोय. शेवटी मी म्हटलं, "राहू द्या." आणि उतरलो. त्या कोपऱ्यात नंतर फळ गेलं नाही.

दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. नेहमीप्रमाणे दिवाळीला थैली आली, कांदे खोलीत राहिले, कुंड्यांत गेले. कळ्या फुगल्या. मी बर्फाचा चुरा घेऊन गेलो तर पहिलं फूल उमललेलं, आणि ते पिवळं होतं. नखशिखांत पिवळं. दुसरं पिवळं. सगळी पिवळी. एवढी वर्षं लाल फूल देणारा कांदा पिवळं फूल कसं देईल?

मी मूर्ख नाही. त्या दिवशी रशीद घुग्घुसलाच होता. मी त्याला बाजारातून सायकलसकट ओढत आंगणात आणलं.

"ये क्या है?"

त्याने फुलांकडे पाहिलं. चेहऱ्याचा रंग उतरला. म्हणाला, "धूप से रंग उड़ गया होगा, सेठ."

"रंग उड़ गया? फूल है या तेरी शाल?"

 मी म्हटलं, तू दरवर्षी बाईंचे कांदे कुठेतरी फेकतोस आणि चुलत्याच्या बागेतले दुसरे उचलून आणतोस. अमानत म्हणतोस आणि दुसऱ्याचा माल देतोस. आणखी बरंच म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवंताबाई भिंतीवरून पाहत होती. रशीद मान खाली घालून गाठोड्याची दोरी सोडत होता, बांधत होता.

सिस्टर मध्ये आल्या. "पाण्यानं होते असं. आपल्या वर्धा नदीच्या पाण्यात खार हाये. तू चहा घे रे, रशीद. हे भाऊ असेच हायेत, बर्फात राहून राहून डोकं गरम झालं त्याहिचं."

चहा पिऊन तो गेला. जाताना त्याच्या हातात सिस्टरने डबा दिला. तो गेल्यावर मी अजून फणफणत होतो. मी म्हटलं, बाई, तुम्हाला खरंच वाटतं का की पाण्याने रंग बदलतो?

त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "मी जलमभर लेकरं तोललीत भाऊ. मी पाठवते ते कांदे लसणाएवढे असतेत. आपल्या उन्हानं वाळून, फुटून, दोनाचे चार झालेले. तो आणते ते मुठीएवढे. एका उन्हाळ्यात लेकरू एवढं वाढते का?"

"मंग कवापासून माहीत हाये तुमाले?"

"पहिल्याच सालापासून."

मला बसायला जागा सापडेना. मासळी हातात धरून वजन सांगणारा मी, आणि ही बाई दरवर्षी माझ्यासमोर थैली शिवत होती, मी आत काय आहे ते कधी पाहिलं नाही. "मंग बोलल्या काऊन नाई? काऊन पाठवता दरसाल?"

त्यांनी आधी कुंडीतलं एक पान पुसलं. "नाई पाठवले त त्याले यायाचं कारण काय? शाल त चंद्रपुरातई विकते. घुग्घुसच्या धुळीत कोण शाल घेते? तो थैली द्याले येते भाऊ. त्याच्या हाती माझी वस्तू असली का त्याले यावंच लागते." मग म्हणाल्या, "त्याले सांगू नोका. तो एवढी मेहनत घेते माझ्यासाठी."

होळीला त्यांनी पुन्हा लसणाएवढे कांदे थैलीत शिवले. रशीद घ्यायला आला तेव्हा माझ्याकडे बघेना. थैली घेऊन तो तिचं शिवलेलं तोंड चाचपत राहिला. मला वाटलं, आता बोलेल. बोलला नाही. "दिवाळीले आणून देजो," सिस्टर म्हणाल्या. "ज़रूर, सिस्टरजी." मीही बोललो नाही, कारण मला सांगितलेलं होतं की बोलायचं नाही. एकमेकांना फसवणारी दोन माणसं आणि मधे मी, दोघांकडून फसलेला.

त्या दिवाळीला रशीद आला नाही.

सिस्टरने कुंड्या धुवून माती भरून ठेवली होती. मी कोपरा रिकामा केला होता. नोव्हेंबर गेला. मी चंद्रपूरला त्यांच्या खोलीवर जाऊन आलो. तिथे दोघेच होते, दोघे नवीन. रशीदला ते ओळखत नव्हते. उधर के हालात ठीक नहीं हैं, एवढंच म्हणाले आणि शाल दाखवायला लागले. मी परत येऊन सिस्टरला सांगितलं, गाडी चुकली असेल. मी खोटं बोलायला घाबरत नाही, पण हे बोलताना जड गेलं. मग मी नागपूरला गेलो. तिथल्या एका नर्सरीवाल्याने मला ग्लॅडिओलसचे कांदे दिले. ट्युलिपच आहेत म्हणून गळ्यात मारत होता, त्याच्याशी भांडून खरं नाव काढून घेतलं, पण तरी घेतले. रिकाम्या कुंड्या बघवत नव्हत्या.

सिस्टरने ते हातात घेऊन पाहिले. कोपरापर्यंत धुतलेल्या हातात. मग परत दिले. "याहिले थंडी लागत नाई. इथीच राह्यतीन बाराई महिने." आणि थोड्या वेळाने, "हे कोण नेईन परत?"

रोज सकाळी मात्र त्या कुंड्या पुसायच्या. नुसत्या कुंड्या, आत माती. शेवंताबाईने एकदा भिंतीवरून विचारलं, "बाई, काय पुसता वो त्या रिकाम्या?" त्या म्हणाल्या, "धूळ पडते ना."

त्याच हिवाळ्यात त्यांना छातीचा त्रास सुरू झाला. भाचा आला आणि म्हणाला, मावशी, इथल्या धुळीत आता राहायचं नाही. सामान फारसं नव्हतंच, बरंचसं लोकांच्या घरी होतं. जाताना त्यांनी मला कुंड्या दिल्या नाहीत, त्या आंगणातच राहिल्या. मी थर्मामीटर आणून पुढे केला. एवढी वर्षं माझ्याकडे होता, परत लागेल म्हणून सांगितलेला. त्यांनी माझी मूठ मिटवली. "राहू द्या. रशीद आला त खोलीत टांगाले लागन. पारा पाहात जाजा."

गडचिरोलीची एसटी दुपारी निघाली. त्या खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून कापसाचा बोळा काढला, थुंकीने ओला केला आणि खिडकीची काच पुसायला लागल्या. धूळ बाहेरून होती. त्या आतून पुसत होत्या, वाकून पाहत होत्या, पुन्हा पुसत होत्या. मी बाहेरून हाताने काच पुसायला पुढे झालो तोवर गाडी हलली. तेवढंच माझं शेवटचं पाहणं. उन्हाळ्यात भाच्याचा निरोप आला की सिस्टर गेल्या. झोपेतच.

बर्फाची खोली अजून आहे. दिवाळी आली की कोपरा रिकामा करतो. नोकर म्हणतात, सेठ, इथे चार लाद्या जास्त मावतील. मी त्यांना शिव्या देतो. फळ तर कोणाला ठेवूच देत नाही.

रशीद, मी तुला सोडलेलं नाही. तू जिथे असशील तिथून मला जबाब दे. तू मोठे कांदे आणलेस त्याबद्दल विचारत नाही, लाल गेले आणि पिवळे आणलेस त्याबद्दलही नाही, ते तिने माफ केलं होतं. मला तिच्या कांद्यांबद्दल सांग. ते लसणाएवढे, घुग्घुसच्या मातीतले, तिने दरवर्षी शिवून दिलेले. तू ते रस्त्यात फेकलेस, की तुझ्या घराच्या मागे कुठे मातीत लावलेस? लावले असतील तर एव्हाना त्यांतले काही मोठे झाले असतील. बर्फ वितळल्यावर ते वर येतात का? लाल येतात का? तिची वस्तू तुझ्याकडे आहे. परत आणून दे म्हटलं होतं तिने. तू ज़रूर म्हणाला होतास. मी उभा होतो तिथे, मी ऐकलंय. मग आला का नाहीस, ते सांग.